धामणच आहे, बांध

गुळाचा पाक गोळीबंद व्हायला आला होता आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. पाक गॅसवर असताना मी कुणाचा फोन घेत नाही, हे माझ्या मुलीला, सायलीला, लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामुळे पहिल्यांदा वाजून बंद झाला तेव्हा मी नुसती चिडले. लगेच दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र उलथणं तसंच कढईत सोडून फोन घेतला.

"आई, शेखर खाली गेलाय."

"खाली म्हणजे? दुकानात?"

"आई! कड्यावरून घसरलाय. खाली जरा पुढे आलेला कातळ आहे, त्यावर अडकलाय. पाय टेकतील एवढीच जागा आहे. एका हातात गवत धरलंय, ते उपटून येतंय."

शेखरराव माझे जावई. अंबडला कंपनीत नोकरी, सुट्टीच्या दिवशी पाठीला सॅक लावून डोंगर. पण त्या सकाळी दोघं पेठ रोडच्या पुढे, सावळघाटाच्या अलीकडच्या टेकडीवर गेले होते ते डोंगरासाठी नाही. माझ्या जिभेने त्यांना तिथे पाठवलं होतं.

मी ज्युनिअर कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात हौशी मंडळींना घेऊन टेकड्यांवर जाते आणि पानं झडलेली देशी झाडं ओळखायला शिकवते. पानं असताना झाड कुणीही ओळखतं. शेखररावांच्या मोबाईलमधलं ते ॲपसुद्धा ओळखतं. जानेवारीत मात्र ॲप आंधळं होतं, तेव्हा साल, फांदीवरचे कोंब फुटायचे डोळे, पान गळाल्याचे वण आणि वास यांवरूनच काय ते कळतं. मागच्या रविवारी दोघं इंदिरानगरला माझ्याकडे जेवायला आले होते. भिंतीवर कहांडळाचा मी काढलेला फोटो आहे, पांढरं गुळगुळीत खोड आणि एकही पान नाही. शेखररावांनी त्यावर मोबाईल धरला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "आई, हे बर्च आहे. युरोपातलं."

मी इतकी हसले की ठसका लागला. "जावईबापू, पेठच्या घाटात बर्च उगवायला लागलं असेल तर मी उद्यापासून लोकरीचे मोजे विणायला घेते," असंही म्हटलं. एवढ्यावर थांबायचं ना, पण नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून देशी बियांच्या पुड्या देते. यंदा टेटूच्या बिया हव्या होत्या. टेटूच्या शेंगा हातभर लांब, चपट्या, तलवारीसारख्या. झाडाला दुसरं काही नसताना त्या नुसत्या लोंबत असतात. "त्या ओळखायला ॲप लागत नाही, डोळे लागतात," असं मी वर आणखी जोडलं. शेखरराव हसले. सायली हसली नाही. ताटं उचलताना मला म्हणाली, "आई, तो तुझा विद्यार्थी नाहीये."

"टेटू दिसला त्याला," ती आता फोनवर धापा टाकत सांगत होती. "कड्याच्या तोंडाशी होता. शेंग ओढायला वाकला आणि पायाखालचा मुरूम सुटला."

"मदतीला कुणाला फोन केलास?"

"केला. निघालेत. पण तास तरी लागेल म्हणाले. आई, तास नाहीये. तो कातळच भुसभुशीत आहे, कडेने तुकडे पडतायत."

मी खिडकीतून शेजारच्या निकिताला हाक मारली. तिचा भाऊ गिर्यारोहण करणाऱ्या एका गटात आहे, त्याला लगेच पाठव म्हणून सांगितलं. ती बिचारी प्रश्न न विचारता आत पळाली. तेवढ्यात फोनमधून लांबून शेखररावांचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज शांत ठेवायचा प्रयत्न चालला होता हे कळलं.

"काय म्हणतायत?"

"त्याची सॅक वर राहिलीय. तिच्यात दोर आहे. तो म्हणतो, झाडाला बांध आणि सोड, मी येतो वर. गाठ मला येते, त्यानेच शिकवलीय." मग ती थांबली. "आई, म्हणून तुला फोन केला. दोन झाडं आहेत. लहानपणी तू मला शेवग्यावर चढू द्यायची नाहीस, कटकन मोडतो म्हणून. यातलं एखादं तसलं असलं तर?"

मुलीने झाडांबद्दल मला स्वतःहून काही विचारल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. तिला झाडांचा कंटाळा होता, आणि तो मीच लावला होता. शाळेच्या सहलीतही मी तिला साली चाचपायला लावायचे आणि चुकली की सगळ्यांसमोर बोलायचे.

"फोटो पाठव," मी म्हटलं.

"जात नाहीये. नुसतं गोल गोल फिरतंय. तू विचार, मी सांगते."

"पानं?"

"एकाही झाडावर नाहीत."

"पहिलं सांग."

"मोठं आहे. माझ्या मिठीत मावणार नाही एवढं. पांढरं, गुळगुळीत. कड्यापासून जरासं आत आहे, दोर मस्त पुरेल. शेखर म्हणतो, त्यालाच बांध."

पांढरं आणि गुळगुळीत म्हणजे धावडा असेल नाहीतर कहांडळ. धावड्याचं लाकूड इतकं चिवट की कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करतात. कहांडळ दिसायला दांडगा आणि आतून भेंडासारखा. हिवाळ्यात दोघंही पांढरेफटक उभे असतात आणि नवखा माणूस हमखास फसतो.

"खाली पाचोळा कसला आहे?"

"छोटी छोटी पानं आहेत. लांबट, तांबूस."

धावड्याची! माझ्या तोंडातून 'बांध' निघणारच होतं. पण हिवाळ्यातल्या फेरीला मी सगळ्यांना पहिला नियम सांगते तो हाच, की पाचोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. वारा कुठलीही पानं कुठेही नेऊन टाकतो. जे झाडाला चिकटलेलं आहे तेवढंच खरं.

"पाचोळा सोड. साल बघ. सोलते का?"

"हो. पापुद्रे निघतायत, पतंगाच्या कागदासारखे. खाली हिरवट आहे."

"गाडीची किल्ली आहे जवळ? टोक खोडात दाब."

क्षणभर नुसता वारा ऐकू आला. मग ती म्हणाली, "आई, शिरली. सहज आत शिरली."

"कहांडळ आहे. त्याला नको बांधूस, बाळा," मी म्हटलं. "शेखररावांचं वजन त्याच्या बुंध्याला कदाचित पेलेलही, पण मुळं वरच्यावर असतात आणि कड्याच्या तोंडाशी मी त्याचा भरवसा देणार नाही. दुसरं सांग."

ती कड्याकडे तोंड करून ओरडली, "आई नको म्हणतेय त्याला!" खालून उत्तर आलं. या वेळी शब्द मलाही कळले. "सायली, मोठ्याला बांध! लवकर!"

माझ्या नवऱ्याचा जीव दोराला असता आणि तो एक सांगत असता आणि आई लांब स्वयंपाकघरात उभी राहून दुसरंच सांगत असती, तर मी कुणाचं ऐकलं असतं? आईचं नक्कीच नाही. शेखररावांनी डोंगरावर शंभर वेळा दोर बांधला असेल. मी आयुष्यात एकदाही बांधलेला नाही. मी झाडांची नावं सांगते, त्यांना माणसं टांगत नाही.

"आई, दुसरं अगदी बारीक आहे," सायली म्हणाली. तिने माझं ऐकलं होतं. त्याने मला हायसं वाटायला हवं होतं, पण आता चूक झाली तर ती माझी असणार होती. "कातळाच्या फटीतून आलंय. माझ्या मांडीएवढंच असेल. राखाडी. मेलेलं वाटतंय."

"नखाने खरवड."

"हिरवं! आत हिरवं आहे, ओलं आहे."

"म्हणजे जिवंत आहे. फांदीचं टोक बघ. कसं आहे, बारीक की बोथट?"

"फांद्या हाताला येत नाहीत. सगळं झाड पुढे वाकलंय, शेंडा दरीवर आहे. मला नुसतं खोड धरता येतंय."

टोक नाही, डोळा नाही, पानाचा वण नाही. हिवाळ्यात ज्याच्यावरून झाड ओळखायचं ते सगळं दरीवर लोंबत होतं. माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये माझ्या मुलीचा श्वास होता. मागे पाक करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा मी गॅस बंद केला. करपू दे मेला.

"साल ओढ. चांगली खेचून काढ. धागा निघतो का?"

"निघतोय. लांब निघतोय. सुतळीसारखा."

धामण! फटीत वाढणारं, राखाडी, सालीला लांब वाख, म्हणजे दोर वळायचे धागे. धामणीचं लाकूड म्हणजे लवचिक, कावडीचे दांडे करतात त्याचे. वाकेल पण मोडणार नाही. मी स्वतःशीच मान हलवली. पण वाख आणखीही झाडांच्या सालीला असतो. एक प्रश्न उरला होता, आणि तोच महत्त्वाचा होता. सालीच्या खाली, हिरव्याच्या आत, रंग कोणता आहे?

"सायली, आतून रंग..."

"आई!" ती किंचाळली. खाली दगड घरंगळत गेल्याचा आवाज मला फोनवरूनही आला. "आई, त्याचा एक पाय सुटला! सांग लवकर, बांधू का?"

"धामणच आहे!" मी ओरडले. खिडकीत उभी असलेली निकिता दचकली, इतक्या जोरात ओरडले. "धामणच आहे, सायली! बांध! बुंध्याला अगदी खाली बांध!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग सायलीचं कण्हणं, दोराची घसट, "घे! आला का हातात?" आणि मग काहीच नाही. रेंज गेली होती.

मी परत लावला. 'संपर्क क्षेत्राबाहेर'. पुन्हा लावला, पुन्हा तेच. निकिता आत आली आणि तिने मला खुर्चीवर बसवलं. तिचा भाऊ निघाला होता म्हणे. मी तिला विचारलं, "धामण आणि मोई यांत वाख कुणाचा जास्त लांब निघतो गं?" ती बँकेत नोकरी करते, तिने माझ्याकडे कशा नजरेने बघितलं असेल ते सोडा. पण मला त्या खुर्चीत बसल्यावर मोई आठवली होती. मोईसुद्धा राखाडी. मोईसुद्धा हिवाळ्यात अशी बोडकी होते की मेली असं वाटावं. मोईच्या सालीलाही वाख असतो. आणि मोईचं लाकूड ठिसूळ. फरक काय, तर खरवडल्यावर मोई आतून लालभडक दिसते. तो रंग मी विचारलाच नव्हता.

मुलांच्या पेपरात मी अंदाजाने लिहिलेलं उत्तर लगेच ओळखायचे आणि त्याखाली तांबडी रेघ मारायचे. आणि इथे मी काय केलं होतं? शेखररावांचे आई-वडील देवळाली कॅम्पला राहतात. त्यांना फोन करून काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटलं.

फोन वाजला तेव्हा मला तो उचलता आला नाही, निकिताने उचलून माझ्या कानाला लावला.

"आई, वर आला," सायली म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "ठीक आहे. गुडघा फुटलाय, पण ठीक आहे."

मी रडले. निकिताही रडली, तिचा काही संबंध नसताना.

दोघं घरी पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. निकिताच्या भावाने त्यांना त्यांच्याच गाडीतून आणलं, वाटेत दवाखान्यात मलमपट्टी करून घेतली होती. शेखरराव लंगडत आत आले आणि सोफ्यावर बसले. सायली त्यांच्या शेजारी बसली. माझी शाल खुर्चीवर होती, ती तिने खांद्यावरून घेतली आणि हात आत घातले. थंडी होतीच. मी चहा टाकला. मी शेखररावांच्या डोक्यावरून हात फिरवला. आजवर कधी फिरवला नव्हता, जावयाचा मान वगैरे. ते जरा संकोचले.

"टेटू राहिला, आई," ते म्हणाले.

"आग लागो टेटूला."

ते हसले. मग सॅकच्या बाजूच्या खणातून त्यांनी वीतभर फांदी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, नारळ द्यावा तशी. "ही मात्र आणली. तुमच्या धामणीची. हिची मी फ्रेम करून घेणार आहे."

मी ती हातात घेतली.

फांदी माझ्या अंगठ्याएवढी जाड होती. टोक बोथट. पान गळाल्याचे वण मोठे, बदामाच्या आकाराचे. धामणीची फांदी अशी नसतेच, ती बारीक असते. तरीसुद्धा मी नख लावलं. वरचं राखाडी गेलं, मग हिरवं आलं, आणि हिरव्याच्या खाली लाल. चांगलं लालभडक.

दोघंही माझ्याकडे बघत होती. धामण म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. शेखररावांनी फ्रेम केली असती, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी ती दाखवली असती, आणि सायलीला आयुष्यभर वाटलं असतं की आईच्या विद्येने तिचा नवरा वाचला. मोह झाला. का होऊ नये?

"ही धामण नाही," मी म्हटलं. "मोई आहे. ठिसूळ असते. मी चुकले, शेखरराव. तुमचा जीव मी मोईला बांधला."

शेखररावांनी सायलीकडे बघितलं. सायलीने खाली बघितलं. त्या दोघांत काहीतरी आधीच ठरलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मला सांगायचं नाही असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. बोडक्या फांदीवरून मला कळेल, हे त्या धांदलीत त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मग तिने धरलं कसं?" मी विचारलं.

"नाही धरलं," सायली म्हणाली. "तो अर्ध्यावर असताना बुंध्यात तडकली आणि कड्यावर आडवी झाली. म्हणून तर ही फांदी हाताला आली."

तिने शालीतून हात बाहेर काढले. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, बोटांच्या पेरांपर्यंत. पट्टीच्या कडेने कातडी सोललेली दिसत होती. दोर झाडाला बांधल्यावर तिने तो स्वतःच्या कमरेमागून घेतला होता, समोरच्या कातळाला पाय रेटले होते आणि बसून राहिली होती. झाड तडकलं तेव्हा सगळं वजन तिच्यावर आलं. शेखररावांचा गुडघा कड्यावर टेकेपर्यंत तिने ते सोडलं नव्हतं.

"मी खाली होतो, मला नुसता एक हिसका बसला," शेखरराव हळूच म्हणाले. "वर आलो तेव्हा कळलं, दोर कुणी धरलाय ते."

"पण मी तर तुला सांगितलं होतं," मी म्हटलं, "धामणच आहे म्हणून सांगितलं होतं. मग तू दोर स्वतःला कशाला घेतलास?"

सायलीने माझ्याकडे बघितलं. लहानपणी साल चाचपताना चुकली की बघायची, तशी नाही. कीव नव्हती, रागही नव्हता.

"तू ओरडलीस ना," ती म्हणाली. "तुला नक्की माहीत असतं तेव्हा तू ओरडत नाहीस, आई. कहांडळाला नको म्हणालीस, तेव्हा किती हळू बोललीस. बाळा म्हणालीस. धामणीला ओरडलीस, तेव्हाच मला कळलं की तुला खात्री नाहीये."

चहा उतू गेला. तो मी पुसला नाही. रात्री मुगाची खिचडी केली, शेखरराव निमूटपणे जेवले. सायलीला चमचा धरता येईना, म्हणून मी तिच्याजवळ बसून तिला एकेक घास भरवला. सांगायचं पुष्कळ होतं, पण बोलले असते तर आवाज चढला असता.